गाडी ‘कधीच बंद पडली नाही’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे एक कारखाना होता. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी तो १९८४ पासून भागीदारीत चालवला. त्याचं नाव होतं ‘नम्मी’. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथून दोन गाड्या शेजारी शेजारी बाहेर पडू लागल्या. एकीवर टोयोटा कोरोलाचा बिल्ला, दुसरीवर जनरल मोटर्सच्या जिओ प्रिझमचा. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, नट आवळणारे हातही तेच. पत्र्याचा आकार, दिवे आणि आतली सजावट यांत थोडाफार फरक, बस्स. जुळ्या बहिणी म्हणा, फक्त आडनावं वेगळी.

सेकंडहँड बाजारात मात्र प्रिझम कोरोलापेक्षा स्वस्त मिळायची. प्रिझम जास्त बिघडते असं कोणी सिद्ध केलं नव्हतं, आणि तीच गाडी असताना करणार तरी कसं? जाणकार लोक गुपचूप प्रिझम घ्यायचे आणि वाचलेल्या पैशांवर खूश व्हायचे. बाकीचे बिल्ल्याचे पैसे मोजायचे.

गाडीच्या विश्वासार्हतेवर बोलताना मला नेहमी ही जोडी आठवते. आपण ‘अनुभव’ म्हणून जे सांगतो त्यात यंत्राचा वाटा किती आणि आपला किती, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण क्वचितच सापडतं.

आधी आपला वाटा बघू. १९५७ साली लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने एक सिद्धांत मांडला. मनात दोन विसंगत गोष्टी एकत्र नांदू लागल्या की माणूस अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता घालवण्यासाठी तो त्यातली एक गोष्ट वाकवतो, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही संशोधकांनी नव्या गाड्यांच्या मालकांना गाठून पाहिलं की हे लोक कोणत्या जाहिराती वाचतात. मला वाटलं असतं, गाडी घेऊन झाल्यावर जाहिराती कोण वाचतो? पण ते वाचत होते, आणि इतर गाड्यांपेक्षा आपणच घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होते. ज्या गाड्यांचा विचार करून मग सोडून दिल्या होत्या, त्यांच्या जाहिरातींकडे त्या मानाने दुर्लक्ष. निर्णय होऊन गेला होता, आता तो बरोबर होता अशी ग्वाही हवी होती.

गाडीवरची निष्ठा बऱ्याचदा अशी सुरू होते. घरानंतरचा मोठा खर्च हाच, तो रोज दारात उभा दिसतो आणि चारचौघांनाही दिसतो. तो चुकला असं कबूल करणं जड जातं. मग बिघाडांची मोजणीच बदलते. आपल्या गाडीचा पंप गेला तर ‘झीज होणारच, लाखभर किलोमीटर झाले’, आणि शेजाऱ्याच्या गाडीचा गेला तर ‘त्या कंपनीचं काही खरं नाही’. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हे मी वरून बोलत नाही. मी एक गाडी दहा वर्षं वापरली आणि भेटेल त्याला सांगायचो, एक दिवस त्रास दिला नाही. विकायच्या वेळी डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढली. त्यात वॉटर पंप दोनदा, रेडिएटरच्या पंख्याची मोटर, अल्टरनेटर, क्लच केबल, मागच्या काचेचा स्विच. एकदा तर गाडी टो करून न्यावी लागली होती आणि ते मी साफ विसरलो होतो. विसरलो कारण त्या वेळी मी स्वतःलाच दोष दिला होता, कूलंट वेळेत बघायला हवं होतं म्हणून. दोष माझ्या खात्यावर गेला आणि गाडीचं खातं कोरं राहिलं.

आता मोजणाऱ्यांकडे येऊ. कोणी तिऱ्हाईताने मोजलं तर प्रश्न सुटेल असं वाटतं. मोजणारे आहेतही, पण प्रत्येकजण वेगळीच गोष्ट मोजतो आणि आपण सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो. जे. डी. पॉवर या अमेरिकन संस्थेचा एक अभ्यास गाडी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांचा असतो, दुसरा तीन वर्षं जुन्या गाड्यांचा. निकाल ‘दर १०० गाड्यांमागे इतक्या तक्रारी’ असा येतो. यात तक्रार म्हणजे काय, हे बघण्यासारखं आहे. गिअरबॉक्स फुटला ही एक तक्रार आणि फोन ब्लूटूथला जोडायला कटकट होते हीसुद्धा एक तक्रार. त्यामुळे टचस्क्रीन किचकट असलेली दणकट गाडी यादीत खाली घसरू शकते. तक्रार खोटी नसते, पण त्यावरून इंजिनाबद्दल निष्कर्ष काढणं चुकीचं.

जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करते आणि त्या हाकांवरून दर वर्षी आकडेवारी काढते. तिथे ब्लूटूथला जागाच नाही, कारण गाडी चालत नसेल तरच हाक जाते. पण या यादीत वर्षानुवर्षं पहिला नंबर कोणाचा? साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा. म्हणजे ‘गाडी बंद पडली’ या वाक्यामागे बऱ्याचदा तीन-चार वर्षांत बदलायचाच असलेला एक डबा असतो. ट्यूफ या जर्मनीतल्याच वाहनतपासणी संस्थांचा अहवाल आणखी वेगळा. तो सक्तीच्या तपासणीत सापडलेले दोष मोजतो, म्हणजे दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, तेलगळती. एखादं मॉडेल तिथे वाईट दिसलं तर गाडी कच्ची असेल, किंवा ती घेणारे लोक वर्षाला दुप्पट अंतर कापत असतील, किंवा तपासणीआधी गॅरेजचं तोंड न बघणारे असतील. आकडा यातलं कारण सांगत नाही.

कन्झ्युमर रिपोर्ट्स ही १९३६ पासूनची अमेरिकन संस्था जाहिराती घेत नाही, म्हणून तिच्यावर लोकांचा भरवसा जास्त. ती आपल्या सभासदांना विचारते की गेल्या बारा महिन्यांत गाडीत तुम्हाला गंभीर वाटलेला बिघाड कोणता. पद्धत चांगली आहे, उत्तरं लाखांनी येतात. पण ‘गंभीर वाटलेला’ हे कोण ठरवणार? मालकच. म्हणजे माझी ती वही आणि माझी ती आठवण, दोन्ही इथेही आहेतच.

शिवाय वयाचा प्रश्न. यंत्रं आयुष्यभर एकाच दराने बिघडत नाहीत. सुरुवातीला जोडणीतले दोष, सदोष सुटे भाग, सॉफ्टवेअरच्या चुका बाहेर पडतात. मग बरीच वर्षं शांततेची. त्यानंतर रबर कडक होतं, बेअरिंग झिजतात, वायरिंगचं आवरण तडकतं आणि बिघाड पुन्हा वाढतात. अभियंते हा आलेख आंघोळीच्या टबासारखा काढतात, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये सपाट. पहिल्या ९० दिवसांचा अभ्यास या टबाची डावी कड बघतो. बारा वर्षांची सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला उजवी कड हवी असते. आणि चार वर्षांत गाडी बदलणारा निष्ठावान मालक आयुष्यभर सपाट भागातच राहतो, त्यामुळे तो खरं सांगत असूनही त्याचं सांगणं बारा वर्षांच्या गाडीला लागू नाही.

उजव्या कडेवर आणखी एक फसगत असते. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने १९७६ सालची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. ही गोष्ट ‘जुन्या मर्सिडीज मरत नाहीत’ याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. गाडी जबरदस्त होती यात वाद नाही. पण तिच्यात इंजिनं पुन्हा पुन्हा बदलली गेली होती, आणि तिला सांभाळणारा माणूस रोज तिच्यावर पोट भरणारा होता. त्याच साली बनलेल्या ज्या हजारो गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, त्यांचे मालक आज काही सांगायला येत नाहीत. जुन्या गाड्यांबद्दल आपल्याला भेटतात ते तगलेल्यांचेच साक्षीदार.

आता गाडीमालकांच्या ऑनलाइन समूहांकडे वळतो, कारण हल्ली गाडी घेण्याआधी माणूस तिथेच जातो आणि बहुतेक वेळा घाबरून परत येतो. शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद शिकलो होतो. वरचा आकडा अंश, खालचा छेद. समूहात अंश दिसतो, छेद दिसत नाही. समजा एका मॉडेलच्या ४ लाख गाड्या विकल्या गेल्या आणि १ टक्क्यांत एक विशिष्ट दोष निघाला. म्हणजे ४,००० त्रस्त मालक. त्यातल्या दहांतल्या एकाने जरी लिहिलं तरी ४०० कहाण्या झाल्या, फोटोंसकट, बिलांसकट. एवढ्या वाचल्यावर कोणालाही वाटेल की ही गाडी घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं. उरलेले ३ लाख ९६ हजार लोक ऑफिसला पोहोचले आहेत. ‘आजही गाडी सुरू झाली’ असं लिहायला कोण येतो?

पोर्शच्या ९९६ (९११ या गाडीची एक पिढी) आणि पहिल्या बॉक्स्टरचं इंजिन याचं नामांकित उदाहरण. त्यात इंटरमीजिएट शाफ्ट नावाच्या दांड्याला एक बेअरिंग असतं. ते फुटलं तर अख्खं इंजिन निकामी होऊ शकतं. या बेअरिंगवर इतकं लिहिलं गेलं आहे की नवख्याला वाटतं प्रत्येक इंजिन हातबॉम्ब आहे. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात पुढे आलेले आकडे असे: नंतरच्या एकेरी बेअरिंगमध्ये सुमारे ८ टक्के, आधीच्या दुहेरी बेअरिंगमध्ये १ टक्क्याच्या आत. इंजिन जाण्यासारख्या दोषाला ८ टक्के हे प्रमाण भयंकरच आहे, कंपनीची बाजू घेण्याचं कारण नाही. पण ८ टक्के म्हणजे सगळी नव्हेत, आणि दुहेरी बेअरिंगवाला मालकही तितकाच जागरण करत होता. त्यात भीती पसरली की उपाय विकणारे येतात, आणि उपाय करून घेतलेला माणूस पुढे सांगतो, ‘मी बदललं म्हणून वाचलो.’ ते बेअरिंग तसंही टिकलं असतं का, हे त्याला कळायला मार्ग नाही.

शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण ती चालते कारण पातेल्यात सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. गाड्यांचं पातेलं तसं नाही. वर्ष वेगळं, कारखाना वेगळा, सुटा भाग पुरवणारा वेगळा, मालकाची सवय वेगळी. आणि समूहात येणारी शितं तर बहुतेक करपलेली किंवा जपून ठेवलेली.

म्हणून समूह निरुपयोगी का? अजिबात नाही. आपण त्यांना चुकीचा प्रश्न विचारतो एवढंच. ‘हा दोष किती गाड्यांत निघतो’ हे त्यांना ठाऊक नसतं. ‘हा दोष का होतो, कसा ओळखायचा आणि काय करायचं’ हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पहिल्या प्रश्नाला छेद लागतो. दुसऱ्याला नीट उघडून पाहिलेली एक गाडीही पुरते.

माझदा एमएक्स-५ घ्या, १९८९ साली आलेली. सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली पुली नीट आवळली नाही तर ती जागेवर धरणाऱ्या छोट्या पट्टीची खाच झिजायची आणि टायमिंग बिघडायचं. आता गाडी बघायला गेल्यावर इंजिन कोण खोलणार? मालकांनी सोपी खूण शोधली: पुलीवरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब. एक टॉर्च आणि दोन मिनिटं. असं ज्ञान कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही.

त्यांची सांकेतिक भाषाही बाहेरच्याला शिष्टपणा वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. बीएमडब्ल्यूवाले ‘थ्री सिरीज’ म्हणत नाहीत, ई-३० म्हणतात, ई-४६ म्हणतात. कारण एकाच नावाखाली पिढ्यांमागून पिढ्या पूर्णपणे वेगळ्या गाड्या निघाल्या, आणि ‘बीएमडब्ल्यू टिकते का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ई-४६, अमुक इंजिन, अमुक साल, असं म्हटलं की मग बोलता येतं. सुट्या भागांच्या क्रमांकांवरही यांची बारीक नजर असते. बऱ्याच कंपन्यांत भाग सुधारला की क्रमांकाचं शेवटचं अक्षर किंवा आकडा बदलतो. एकाच होसपाइपच्या पाच आवृत्त्या निघाल्या असतील तर पहिल्या चारांत काहीतरी गडबड होती हे कंपनीने न बोलताच सांगितलेलं असतं.

आणि क्रमांक बदलला नाही तर काय होतं, तेही घडलेलं आहे. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशन स्विच इतका सैल होता की चालत्या गाडीत किल्ली फिरून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या आत स्विचची रचना सुधारण्यात आली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या स्विचमध्ये फरक आहे हे कागदावर कुठेच दिसेना. एका मृत्यूच्या दाव्यासाठी नेमलेल्या अभियंत्याने बाजारातून त्याच क्रमांकाचा नवा स्विच आणला, जुना शेजारी ठेवला, आणि आतली खीळ वेगळ्या लांबीची निघाली. २०१४ मध्ये या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या स्विचशी मान्य केला. दोन स्विच समोरासमोर ठेवले, तेव्हा हे उघडं झालं.

उलट बाजूही आहे. १९८६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ऑडी ५००० ही गाडी ब्रेक दाबूनही आपोआप पुढे उसळते अशा हकिगती दाखवल्या गेल्या. सांगणारे लोक खोटारडे नव्हते, त्यांना तसंच वाटलं होतं. १९८९ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने निष्कर्ष दिला की बहुतेक घटनांत पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर होता. काही गाड्यांत उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग अचानक वाढायचा, त्याने चालक दचकायचा, आणि पुढची चूक व्हायची. तोवर अमेरिकेतली ऑडीची विक्री कोसळली होती: १९८५ मध्ये सुमारे ७४ हजार, १९९१ मध्ये १२ हजारांच्या आसपास. ‘मी ब्रेकच दाबला होता’ ही प्रामाणिक साक्ष होती, पण आपला पाय नेमका कुठे होता हे चालकाला खात्रीने सांगता येतंच असं नाही.

निष्ठेला नुसता आंधळेपणा म्हणणं मात्र मला पटत नाही. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की वापरलेल्या गाडीच्या विक्रीत विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला काहीच नाही, त्यामुळे चांगल्या गाड्यांनाही योग्य भाव मिळत नाही आणि त्या बाजारातून निघून जाऊ लागतात. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा अंधारात माणूस ओळखीच्या नावाला धरून राहतो, यात चूक काय? ज्या गाडीचे रोग माहीत आहेत, जिचा मेकॅनिक ठरलेला आहे, जिचे भाग कुठे मिळतात ते ठाऊक आहे, ती गाडी कागदावर दुसऱ्या नंबरची असली तरी त्या माणसासाठी पहिलीच. ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्सवर १० वर्षांची किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली तीही याच अंधारावरचा उपाय म्हणून. तेव्हा त्यांच्या नावाला बाजारात वजन नव्हतं. ‘आमची गाडी टिकते’ असं सांगण्यापेक्षा ‘नाही टिकली तर खर्च आमचा’ हे जास्त ऐकू गेलं.

त्यामुळे मालकाचं मत मी आजही विचारतो, फक्त ‘गाडी कशी आहे’ असं विचारत नाही. किती किलोमीटर झाले, कोणत्या सालची, आतापर्यंत काय काय बदललं, आणि कोणत्या आवाजाकडे तुम्ही दुर्लक्ष करता, असं विचारतो. शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात आणि मग खरं बोलायला लागतात.

स्वीडनच्या साब गाड्यांच्या मालकांशी बोलून बघा. कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण मालकांची माया गेली नाही. २००१ साली दोन अमेरिकन संशोधकांनी ब्रँडभोवती जमणाऱ्या समुदायांवर लेख लिहिला तेव्हा त्यांच्या अभ्यासातही साबवाले होते, रस्त्यात दुसरी साब दिसली की दिवे लावून नमस्कार करणारे. या गाड्यांच्या काही इंजिनांवर इग्निशन कॅसेट नावाचा एक लांबट डबा बसतो. तो गेला की गाडी जागच्या जागी थांबते, आणि तो जातो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मुरलेले मालक डिकीत एक सुटी कॅसेट आणि ती बसवायचा पाना ठेवतात. पाच-दहा मिनिटांचं काम. बोनेट उघडायचं, चार स्क्रू काढायचे, नवी बसवायची, निघायचं. मग त्यांना विचारा, गाडीने कधी रस्त्यात सोडलं का? ते मान हलवून सांगतात, छे, एकदाही नाही.